डावा हात दोन बोटं खाली

घरात त्याला सगळे मालक म्हणत. पंचविशीत त्याने कार्डं छापून आणली, नावाखाली 'संस्थापक' असं लिहिलेलं. ते बघून बाबा खो खो हसले. म्हणाले, "अरे, कंपनीत माणसं किती? तू आणि तो सुतार! म्हणजे एक मालक आणि एक प्रजा." तेव्हापासून तो मालक. आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचंही.

मालक खुर्च्या बनवायचा. ज्यांची पाठ कामातून गेलीय त्यांच्यासाठी. तसा माणूस शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. बाबांनी उभा जन्म ट्रक चालवला होता आणि त्या सीटने त्यांच्या कमरेचं पार वाटोळं केलं होतं. सकाळी न्याहारीनंतर गोळी घेतली तरच त्यांचा दिवस निघायचा.

आणि या बापलेकांनी एक पद्धत पाडली होती, ऐकाल तर कपाळावर हात मारून घ्याल. नवी खुर्ची तयार झाली की त्या दिवशी बाबांनी गोळी घ्यायची नाही. का? तर गोळी पोटात गेली की पाठ गप्प बसते, आणि खुर्ची कुठे चुकली ते कळत नाही. ही अक्कल मालकाची नव्हे बरं का, बाबांचीच. "गोळी घेतली की माझी पाठ खोटी साक्ष देते," असं ते म्हणायचे. मग भिंत धरत जिना उतरून खालच्या गाळ्यात यायचे, खुर्चीत बसायचे, आणि मालक व सुतार त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचे. "उजवीकडे. माकडहाडाच्या जरा वर. हां, तिथे ठणकतंय." की सुतार तिथला फोम कातरायचा. आई वर गोळीचं पाकीट हातात घेऊन बसलेली, हाक कधी येते त्याची वाट बघत.

आई भांडली नाही असं नाही. "बाप आहे का उंदीर आहे तुझा?" ती एकदा कडाडली. पण बाबांनीच तिला गप्प केलं. "अगं, रिकाम्या म्हाताऱ्याच्या दुखण्याला कोण विचारतं? माझं बघ, दुखणंसुद्धा कामाला लागलंय." त्यांच्या तोंडावरचं ते कौतुक बघून ती बिचारी काय बोलणार?

मालकानेही कमी सोसलं नव्हतं, ते कबूल करायला हवं. जिच्याशी लग्न ठरलं होतं ती बरेच दिवस थांबली, मग "तुझं खुर्चीशीच लग्न लागलंय" म्हणाली आणि दुसऱ्याची झाली. मित्रांनी बोलावणं सोडलं. लोकांच्या पाठी सांभाळता सांभाळता, स्टुलावर बसून जेवता जेवता, त्याची स्वतःची पाठ धरायला लागली होती. आणि आता सगळा जीव एका ऑर्डरवर टांगलेला. गावोगाव दुकानं असलेल्या एका मोठ्या कंपनीची खरेदी बघणारी बाई स्वतः खुर्ची बघायला येणार होती. तिने घेतली तर मालक खरोखरचा मालक, नाहीतर गाळ्याला कुलूप. सुताराला त्याने सांगूनच टाकलं होतं, दुसरं काम हेरून ठेव.

बाई यायच्या दिवशी बाबा सकाळीच उतरले. गोळी नाही, हे सांगायला नकोच. जिन्यात ते दोनदा थांबले. सुतार हळूच म्हणाला, "आज यांचा रंग बरा दिसत नाही."

"गोळी नाही ना घेतली, म्हणून," मालक म्हणाला. कशालाही त्याच्याकडे हेच उत्तर असायचं.

बाबा बसले. कंबर? ठीक. पाठ? ठीक. "शाब्बास रे!" ते म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. "पण हा डावा हात... खांद्यापासून कोपरापर्यंत नुसती रग लागलीय." कपाळावर घाम डवरला होता.

तुम्ही-आम्ही काय केलं असतं? बापाला उचलून दवाखाना गाठला असता. शेंबडं पोरही सांगेल. पण या घराला वर्षानुवर्षं एकच सवय. बाबांना खुर्चीत बसून जे दुखेल ती खुर्चीची चूक! आणि थट्टा बघा, बाबांनाही तेच वाटलं. "खुर्चीचा हात उंच झालाय," तेच म्हणाले. "खांदा उचलला जातोय." मालकाचा जीव भांड्यात पडला. चूक सापडली होती आणि बाई यायला अजून अवकाश होता.

"उजवा तेवढाच उंच आहे की," सुतार म्हणाला. "मग डावाच कसा दुखेल?"

"अरे, जन्मभर यांचा डावा हात खाली, गिअरवर! त्या खांद्याला तीच सवय. काप, दोन बोटं खाली घे."

जिन्याच्या तोंडाशी आई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "अहो, घाम किती आलाय तुम्हाला! येऊ का मी खाली?"

"आई, ट्रायल संपू दे!" मालक ओरडला. बाबांनीही उजव्या हाताने तिला थांब म्हटलं. ती थांबली. ते थांबणं तिने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

सुताराने डाव्या हाताचे स्क्रू काढले, दांडा कापला, हात परत बसवला. "आता?" मालकाने विचारलं.

"आता बरं वाटतंय," बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. मान मागे टेकली.

मालक बघतच राहिला. गोळीशिवाय, बसल्या बसल्या, बाबांना झोप! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने सुताराला खुणेनेच भुसा झाडायला लांब पिटाळलं आणि स्वतः पाय न वाजवता दाराशी जाऊन उभा राहिला.

बाई आली तेव्हा त्याने ओठांवर बोट ठेवून तिचं स्वागत केलं. "माझे वडील," तो कुजबुजला. "जन्मभर ट्रक चालवला. गोळी न घेता झोपलेत." बाई चवड्यांवर चालत जवळ गेली, खुर्चीभोवती फिरली. "किती शांत झोपलेत हो! माझ्या वडिलांना अशी झोप मिळाली असती तर..." मग तिचं लक्ष खुर्चीच्या खाली घेतलेल्या डाव्या हाताकडे गेलं. मालकाने गिअरची गोष्ट सांगितली. बाई खूश! "आहे तशीच हवी," ती म्हणाली. "एक फोटो काढू? नको, नको, उठवू नका त्यांना." आणि ऑर्डर पक्की करून दोघांनी हात मिळवले ते बाबांच्या डोक्यावरून.

तिला गाडीपर्यंत पोचवून मालक अक्षरशः नाचत परतला. "आई, आण आता गोळी! बाबा, उठा, झालो मालक!"

आई पेला घेऊन खाली आली. तिने बाबांच्या कपाळाला हात लावला आणि तशीच उभी राहिली. मग पेला जमिनीवर ठेवला, नीट, पाणी सांडणार नाही असा, आणि जो हंबरडा फोडला तो शेजारच्या गल्लीत ऐकू गेला.

डॉक्टर म्हणाले, जाऊन बराच वेळ झालाय. बराच वेळ म्हणजे बाई यायच्या आधी. "डावा हात दुखतोय, असं काही म्हणाले होते का?" त्यांनी विचारलं.

सुतार जमिनीकडे बघू लागला. मालक म्हणाला, "नाही. काहीच दुखत नव्हतं."

आईने मान वर करून एकदाच त्याच्याकडे पाहिलं.

ऑर्डर पुरी झाली, मागोमाग दुसरी आली. गाळ्याचं मोठं शेड झालं, दारात गाडी आली. सुतार तेवढा राहिला नाही. पगार दुप्पट करतो म्हटलं तरी हत्यारं गोळा करून निघून गेला. दुकानादुकानांत बाबांचा तो फोटो लागला, डोळे मिटलेला, आणि लोक तो बघून म्हणत, काय सुख आहे या माणसाला! फोटो लावायला मालकाने नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण बाई फोनवर होती आणि तिसऱ्या ऑर्डरचं बोलत होती.

अडचण एकच होती. नव्या खुर्चीला पाठ मिळेना. पगारी माणसं बसायची आणि "छान आहे साहेब" म्हणून उठायची. खोटारडी लेकाची! शेवटी एका सकाळी मालक आईकडे आला. जिने चढून चढून आता तिचीही कंबर गेली होती आणि बाबांचं उरलेलं पाकीट तीच वापरत होती.

"आई, जरा बसून बघतेस? फक्त आज गोळी..."

"नाही घेतली," आई म्हणाली. आणि कुरकूर न करता खाली येऊन बसली.

मालक तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला, कानावर पेन्सिल, तोंडाकडे टक लावून. आईचे ओठ आवळले गेले. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. "दुखतंय ना?" तो आशेने म्हणाला. "कुठे? सांग ना, आई, कुठे दुखतंय?"

"डॉक्टरला काय सांगितलं होतंस तू?"

मालकाच्या कानावरची पेन्सिल खाली पडली.

"तेच माझंही समज," आई म्हणाली. "मला काहीच दुखत नाही." आणि ती उठली, आणि भिंत धरून, पायरी पायरीला थांबत, वर निघून गेली.