बारावी 'ब'च्या टकल्यांना आमंत्रण

"बारावी 'ब'च्या तमाम टकल्यांनो आणि ढेरपोट्यांनो! रविवारी दुपारी एक वाजता माझ्या अंगणात निखाऱ्यांवर कोंबडी भाजली जाईल. ज्यांना दात आहेत त्यांना कोंबडी, ज्यांना नाहीत त्यांना वाटलेल्या हरभऱ्यांचं हुम्मुस. युरिक ॲसिडवाल्यांनी नुसता वास घ्यावा. गैरहजर राहील त्याचं नाव गणिताच्या सरांना कळवण्यात येईल. सर वर गेलेत, पण आपणही आता फार दिवस खाली नाही."

मुनीरनं हे व्हॉट्सॲपवर टाकलं आणि फोन मांडीवर ठेवून वाट पाहत बसला. दरवर्षी या आमंत्रणावर पाच मिनिटांत शिव्या सुरू व्हायच्या. यंदा दोघांनी जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली. अनीसनं लिहिलं, "नक्की येतो, अबू रामी. देव तुला बळ देवो."

अबू रामी! शाळेपासून आजवर अनीस त्याला खेचर म्हणत आला होता. असं 'रामीचा बाप' म्हणून, थोरल्या मुलाच्या नावानं, अदबीनं हाक मारायची ती परक्याला. मुनीरला फार वाईट वाटलं.

त्याची बायको वदाद गेली त्याला नुकतेच चाळीस दिवस झाले होते. चाळीस दिवस तो दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी पीत, येईल त्याचं सांत्वन ऐकत बसला होता, पण डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. अख्खं जहले गाव म्हणायचं, काय धीराचा माणूस! धीर कसला डोंबलाचा, आत सगळं थिजून बसलं होतं. त्याला एवढंच हवं होतं की मित्रांनी यावं आणि पूर्वीसारखं त्याला धारेवर धरावं.

रविवारी तिघं आले ते काळे कोट, काळे टाय घालून. औषधांच्या दुकानाचा मालक अनीस, लंबू फरीद आणि लठ्ठ हलीम. द्राक्षांच्या मांडवाखाली गुडघ्यांवर हात ठेवून ओळीनं बसले.

"अरे, जेवायला आलात की कोंबडीच्या मयताला?" मुनीर ओरडला. "सोडा ते टाय!"

कुणी हसलं नाही. फरीदनं गळ्याशी हात नेला आणि तसाच खाली घेतला.

मुनीरनं पुठ्ठ्यानं निखाऱ्यांना वारा घातला. पहिल्या सळईचे तुकडे पोळीत गुंडाळून, पहिला घास भाजणाऱ्यानं भरवायचा या रिवाजानं, एकेकाच्या तोंडात घातले.

"कसं झालंय?"

"अमृत!" हलीम म्हणाला.

"तुझे हात सलामत राहोत, अबू रामी," फरीद म्हणाला.

मग मुनीरनं स्वतः एक तुकडा खाल्ला. त्यात मिठाचा कण नव्हता. दही होतं, लसूण होता, लिंबू होतं, मीठ तेवढं नव्हतं, आणि हे तिघं माना डोलावत चावत होते.

"खोटारड्यांनो," तो हळूच म्हणाला, "अळणी आहे हे."

तिघांनी खाली पाहिलं. अनीसनं घास कसाबसा गिळला.

"आहेच अळणी!" तो एकदम भडकला. "खेचरा, तुझ्या हातातल्या पुठ्ठ्याला याहून चव असेल! इतकी वर्षं शाबासकी घेत आलास ना? मग आज मीठ कुठं गेलं?"

हेच ऐकायला मुनीर आसुसला होता. त्यानं उलट शिवी द्यायला तोंड उघडलं, पण शिवी काही आली नाही.

"मीठ ती लावायची," तो म्हणाला. "सगळं तीच लावायची. मी नुसता वारा घालायचो."

"ते आम्हाला ठाऊक आहे रे. जा, मीठ घेऊन ये."

"कुठं असतं ते मला माहीत नाही, अनीस."

चौघंही स्वयंपाकघरात गेले. काळे टाय लावलेली तीन म्हातारी माणसं वदादची कपाटं उघडू लागली. मसूर निघाले, वाळलेला पुदिना निघाला. हलीम स्टुलावर चढून वरचे डबे हुंगू लागला. मुनीर मधोमध उभा होता. आपल्याच घरात आपण पाहुण्यासारखे राहिलो, याची त्याला भयंकर लाज वाटली.

"वदाद," त्यानं सवयीनं हाक मारली, "मीठ कुठं ठेवलंयस गं?"

तो फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडू लागला. अनीस त्याच्या शेजारी खाली बसला, मग फरीद, मग हलीमही स्टुलावरून उतरून बसला. बाहेर कोंबडी करपत होती, खिडकीतून धूर आत येत होता. कुणीही उठलं नाही.