आपण शनिवारी घरी

चिमट्याच्या टोकावर मसुराच्या दाण्याएवढं भिंग... मधोमध हिरवं, आणि कडेकडे आलं की निळसर. पुन्हा तेच. श्यामलाने ते दिव्यासमोर कलतं केलं. सपाट काचेवर पातळ लेपाची ही प्रकाशाची गाळणी किती मुकाट्याने बसते – हवा तो एकच रंग आरपार सोडते, बाकीचे अडवते. पण काच फुगीर असली की निर्वात पेटीतली लेपाची वाफ माथ्यावर नीट साठते, उतारावर विरळ पडते, आणि रंग सरकतो. तिने नवं भिंग लावलं, त्याचा कल जरा वाढवला आणि पेटी बंद केली.

हडपसरच्या या क्लीनरूममध्ये मोबाइल नेता येत नाही. सकाळी तो लॉकरमध्ये टाकताना पडद्यावर केदारचा निरोप उजळला होता, अर्धाच – ‘आपण शनिवारी घरी...’ तिने तो उघडला नाही. मुद्दामच. दिवाळीनंतर, ऑफिस जवळ पडतं म्हणून हिंजवडीला राहायला गेलेला नवरा – एकाच शहरात राहून इतकं लांब जाता येतं हे तिला तोवर ठाऊक नव्हतं – आज ‘आपण’ म्हणत होता. आपण जेवू, आपण बोलू, आपण तो पंखा एकदाचा दुरुस्त करू... पूर्वी भांडतानासुद्धा तो म्हणायचा, आपण मूर्ख आहोत. त्या मूर्खपणात तिचा अर्धा वाटा असायचा, आणि तिला तो आवडायचा.

“मॅडम, मास्क लावला तरी हसू डोळ्यांत दिसतं,” शेजारच्या टेबलावरची निकिता म्हणाली. “इथे त्याची वेगळी परवानगी लागते.”

श्यामला खरंच हसली. दुपारी पेटी उघडून तिने भिंग दिव्यासमोर धरलं – पार कडेपर्यंत हिरवं. सगळ्यांनी अभिनंदन केलं. हे आधी केदारला सांगायचं, तिने ठरवून टाकलं.

संध्याकाळी लॉकरपाशी उभ्याउभ्याच तिने निरोप उघडला. ‘आपण शनिवारी घरी असाल का? माझी पुस्तकं न्यायला येईन.’

असाल. ‘असू’ नव्हे. ती त्या क्रियापदाकडे बघत राहिली. लग्नापासून त्याने तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. आता बँकेतल्या माणसाने विचारावं तसं विचारत होता. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. राग आला तो स्वतःचाच – दिवसभर अर्ध्या वाक्यावर संसार मांडून बसलीस, श्यामला! आणि तरी दिवस सुखात गेला होता, तो आता खोटा कसा म्हणायचा... निकिता हात हलवून निघून गेली.

तिने उत्तर लिहायला घेतलं. ‘मी असेन.’ मग ‘मी’ खोडलं. नुसतं ‘असेन’ पुरे. त्यात मी एकटी मावते, तिला वाटलं, आणि आज पहिल्यांदाच त्या एकटेपणाची भीती वाटली नाही... की वाटली?