शर्टाची सहा बटणं

वृद्धाश्रमाच्या दुसऱ्या मजल्यावर अंघोळीला अकरा मिनिटं, कपडे घालायला चार आणि केस विंचरायला तीन मिनिटं ठरलेली होती. ही मिनिटं कोणी ठरवली हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ज्याने ठरवली त्याला आजी नसावी, असं घड्याळजींचं मत होतं.

घड्याळजी चौदा नंबरच्या खोलीत राहायचे. वय ब्याऐंशी, डोकं घड्याळाच्या काचेइतकं गुळगुळीत. उभा जन्म त्यांनी घड्याळं दुरुस्त करण्यात घालवला होता. आता हात थरथरायचे. शर्टाची सहा बटणं लावायला रोज सकाळी मजल्यावरची मदतनीस ताई यायची, आणि हे गुपित फक्त त्या दोघांत होतं.

ताईला त्या कामाला एकोणीस मिनिटं लागायची. कारण पहिलं बटण हातात आलं की ती विचारायची, "मग आजोबा, त्या कबुतराचं काय झालं?" चार वर्षं ती हे रोज विचारत होती, आणि दर वेळी तिला खरंच माहीत नसावं असं वाटायचं.

शनिवारी व्यवस्थापकांनी जाहीर केलं, "सोमवारी तपासणी आहे. ताईंची मिनिटं बसली नाहीत, तर त्यांना धुलाई विभागात पाठवावं लागेल. तिथे कपडे गोष्टी सांगत नाहीत."

त्याच संध्याकाळी टीव्हीच्या खोलीत गुप्त बैठक भरली. अध्यक्षस्थानी निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणजे हेडबाई. त्यांना कोणी निवडलं नव्हतं. त्या खुर्चीत बसल्या आणि खुर्ची अध्यक्षांची झाली.

"सोपं आहे," हेडबाई म्हणाल्या. "ताई यायच्या आत आपलं आपण सगळं उरकायचं. काम कमी, म्हणून मिनिटं कमी."

"ताईला सांगायचं?" कोणीतरी विचारलं.

"मुळीच नाही. तिला खोटं बोलता येत नाही. तिचा चेहरा लगेच लाल होतो."

रविवारी रंगीत तालीम झाली. त्यात एक दातांची कवळी आणि दोन मोज्यांची अदलाबदल झाली, पण मोजे परत मिळाले.

सोमवारी सकाळी ताई व्यवस्थापकांना आणि तपासनीसबाईंना घेऊन मजल्यावर आली, तेव्हा तिथले बाराही जण अंघोळ करून, भांग पाडून, फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे मधल्या दालनात खुर्च्यांवर रांगेत बसले होते. घड्याळजींनी उघड्या शर्टावर जाड स्वेटर चढवला होता. उकाडा असा होता की पंखासुद्धा दमल्यासारखा फिरत होता.

"आजोबा, स्वेटर?" ताईने विचारलं.

"गारवा आहे," कपाळावरचा घाम पुसत घड्याळजी म्हणाले.

अख्खा मजला नऊ मिनिटांत उरकला. तपासनीसबाईंनी हातातलं घड्याळ दोनदा हलवून पाहिलं. मग त्या व्यवस्थापकांना म्हणाल्या, "इतके धडधाकट लोक मी आमच्या कार्यालयातसुद्धा पाहिले नाहीत. या मजल्याला मदतनीस हवीच कशाला? उद्यापासून ताईंना धुलाईत पाठवा." आणि त्यांनी आपल्या तक्त्यात 'धुलाई' लिहिलंसुद्धा.

बारा चेहरे एकदम पडले. हे गणित कोणी मांडलंच नव्हतं.

हेडबाई सर्वांत आधी सावरल्या. नाश्त्याचा चमचा उलटसुलट करत त्यांनी विचारलं, "अगं ताई, याने कुठल्या बाजूने खातात गं?" त्यांच्या मांडीवर शाईने सोडवलेलं, एकही खाडाखोड नसलेलं शब्दकोडं होतं. तपासनीसबाईंनी ते पाहिलं आणि काही लिहिलं नाही.

ताई मान खाली घालून टॉवेल गोळा करायला लागली. ते घड्याळजींना बघवेना. ते उठले, दालनाच्या मध्यभागी आले आणि सगळ्यांसमोर त्यांनी स्वेटर काढला. सहाच्या सहा बटणं उघडी होती.

"बाई, तुमचं घड्याळ लावा," ते म्हणाले.

आणि त्यांनी पहिलं बटण धरलं. ते निसटलं. पुन्हा धरलं. केसाएवढी स्प्रिंग चिमटीत पकडणारी ती बोटं एका बटणामागे धावत होती आणि ते हाती लागत नव्हतं. अकरा मिनिटांत दोन बटणं लागली, त्यातलं एक चुकीच्या काजात.

"राहू द्या, आजोबा," तपासनीसबाई हळूच म्हणाल्या.

"चार राहिलीत अजून."

ताईने टॉवेल ठेवले. समोर येऊन तिने चुकलेलं बटण सोडवलं आणि सवयीने विचारलं, "मग त्या कबुतराचं काय झालं?"

"होणार काय! मनोऱ्यावरच्या घड्याळात, ऐन चाकाच्या दात्यांवर अंडं घातलं होतं त्याने. घड्याळ चालू केलं असतं तर अंड्याचा भुगा. म्हणून अठरा दिवस गावात चार वाजून वीस मिनिटंच होती."

"आणि लोकांना काय सांगितलंत?" हे तपासनीसबाईंनी विचारलं. त्या कधी एका रिकाम्या खुर्चीच्या कडेवर बसल्या, हे त्यांनाही कळलं नव्हतं.

"सांगितलं, सुटा भाग परदेशातून यायचाय."

"म्हणजे खोटा अहवाल दिलात?"

"अहवालात अंड्याचा रकाना नव्हता, बाई."

सहावं बटण लागलं तेव्हा घड्याळात एकोणीस मिनिटं झाली होती. तपासनीसबाईंनी आपला तक्ता वरून खाली वाचला. अंघोळ, कपडे, जेवण, औषध, केस. गोष्ट ऐकणे असा रकाना कुठेच नव्हता. त्यांनी 'धुलाई' खोडलं, कपड्यांपुढे चार मिनिटं लिहिली आणि उरलेल्या पंधरा मिनिटांसाठी पेन हवेत धरून घड्याळजींच्या चकचकीत टकलाकडे बराच वेळ पाहिलं.

मग त्यांनी लिहिलं: 'केस विंचरणे, रोज पंधरा मिनिटं. जादा वेळेचं कारण: केस फार दाट.'

दुसऱ्या दिवशी ताई कंगवा घेऊन आली. नियम म्हणजे नियम.