बधिर गुडघा

गुडघेदुखीच्या शिबिराला सभागृहात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. नुसत्या काठ्या, वॉकर आणि कण्हणं. मंचावरच्या पांढऱ्या कोटवाल्याने इंजेक्शन दिलेल्या आजीबाई दहा मिनिटांत पायऱ्या चढून दाखवू लागल्या, तेव्हा लोकांनी हात जोडले. "या जिवंत मूळपेशी आहेत, शरीराचं बियाणं. आज पेरलं, की सांध्यातली गादी, म्हणजे कूर्चा, नवी उगवलीच," तो सांगत होता. दहा मिनिटांत कोणतं बियाणं उगवतं, हे कुणी विचारलं नाही. अडला हरी, दुसरं काय.

रांगेत माझी ताईही होती. पायमशीनवर तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवून तिचा उजवा गुडघा झिजला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की तिला धडकी भरायची.

घरी येताच तिने गुडघ्याजवळ टाचणी टोचली आणि हसली. "बघ, दुखणं पार गेलं. टोचलेलंही कळत नाही."

मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दाढ काढायच्या आधी बधिर करायची सुई दिली, की लोक असाच आपला ओठ चिमटून बघतात. मला त्याच क्षणी कळलं. पण ताई दोन वर्षांनी हसत होती. एरवी जगाला शहाणपण शिकवणारी मी, माझी दातखीळ बसली.

बधिरपणा संध्याकाळी उतरला, तरी दुखणं परतलं नाही. ताईने महिनाभर झपाटल्यासारखी मशीन चालवली आणि दुसरा डोस घेतला. आठवड्यात गुडघा टम्म सुजला, ती तापाने फणफणली. इस्पितळात गुडघ्यातून पू काढला.

शिवणाच्या सुया ठेवायला तिने शिबिरातून मागून आणलेली औषधाची रिकामी कुपी मी धुतली, तेव्हा वरचा कागद सुटला. खाली आमच्याच दवाखान्याच्या कपाटातल्या बधिर करणाऱ्या औषधाचं नाव होतं. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, जिवंत पेशी अशा साध्या कुपीतून गावोगाव नेता येत नाहीत. हे औषध काही तास बधिर करतं, सोबत स्टेरॉइड दिलं असणार, ते काही आठवडे सूज दाबतं. झीज मात्र चालूच राहते, आणि अस्वच्छ सुईने जंतू आत गेले.

ताईने सगळं ऐकून मला विचारलं, "तुला आधीच कळलं होतं ना?"

मी हो म्हणाले. ती कूस बदलून भिंतीकडे वळली.

तिचा गुडघा आता वाकत नाही. मशीनपुढे बसणं संपलं. दुखणं थांबलं म्हणजे आजार बरा झाला असं नाही. कुपीत काय आहे, ते कुणी तपासलंय, हे विचारा. आणि तुम्हाला कळलं असेल, तर आपल्या माणसाचं हसू मावळलं तरी चालेल, त्याच दिवशी बोला. मी बोलले नाही.