आडमुठा हात

शाळेच्या व्हॅनमध्ये शेजारी बसून जो कोणी "जरा डावीकडे घ्या" म्हणाला, तो पुढच्या वळणावर खाली उतरवला गेला, असा ड्रायव्हरसाहेबांचा लौकिक होता. बायकोसुद्धा मागेच बसायची. अर्धांगवायूच्या झटक्याने उजवा हात लुळा पडला, तेव्हा मात्र सगळ्यांनाच सल्ल्यांची उकळी फुटली. मेहुण्याचं तर ठरलंच होतं: आज थेरपिस्ट बाई 'आता सुधारणा नाही' म्हणाल्या की व्हॅनच्या किल्ल्या त्याच्याकडे. म्हणून तो सोबत आला होता, नवा शर्ट घालून.

बाईंनी नेहमीसारखा ड्रायव्हरसाहेबांचा उजवा पंजा यंत्राच्या दांड्याला पट्ट्याने बांधला. यंत्र दांडा उजवीकडे न्यायचं, पडद्यावरचा चेंडू टोपलीकडे सरकायचा; हाताने फक्त सोबत जायचं. पण महिनाभर चेंडू अर्ध्या वाटेतच अडत होता. हात जखडलाय, असं बाईंचं मत पडलं होतं.

"भाऊजी, नेतंय तिकडे तरी जा," मेहुणा म्हणाला. "फुकट लिफ्ट मिळतेय."

शेजारी उभ्या बहिणीने, म्हणजे ड्रायव्हरसाहेबांच्या बायकोने, त्याला कोपर मारलं. चेंडू पुन्हा अडला. एरवी बाई यंत्र हळूहळू सैल सोडायच्या. आज हताश होऊन त्यांनी थेट बंदच केलं.

दांडा सटकन डावीकडे गेला. चांगला वीतभर.

बाई थबकल्या. जखडलेला हात जागचा हलत नाही, हा तर दोर सुटल्यासारखा पळाला होता. त्यांनी यंत्र पुन्हा चालू करून बंद केलं. पुन्हा तेच.

"महिनाभर तुम्ही याच्याशी झोंबताय?"

"मग? माझ्या हातातलं स्टिअरिंग दुसऱ्याने ओढलेलं मला चालत नाही."

"सांगायचं नाही का?"

"तुम्ही सोबत जा म्हणालात. मी नाही गेलो."

बायकोने बाईंकडे अशा नजरेने पाहिलं, की संसाराचा सगळा जमाखर्च त्यात आला.

बाईंनी यंत्राचा जोर उलटा केला. टोपली उजवीकडेच, पण आता यंत्र हाताला डावीकडे रेटणार होतं. "आता हे तुम्हाला जाऊ देणार नाही," त्या म्हणाल्या.

ड्रायव्हरसाहेबांचा जबडा आवळला. चेंडू बोटभर उजवीकडे सरकला, मागे रेटला गेला, पुन्हा सरकला. टोपली अजून बरीच लांब होती.

मेहुण्याने खाकरून किल्ल्यांचा विषय काढला.

"गाडी धुऊन ठेव," चेंडूवरची नजर न हटवता ते म्हणाले. "आणि मागे बसायची सवय कर."