रिकाम्या सीटचा दांडा

"आता हा बघा, अण्णा. हा कुठला?"

माझ्या मुलाने, सुदर्शनने, लॅपटॉप माझ्याकडे वळवला. फोटोत माझी नात सृष्टी कुठल्याशा पार्कात रोलर कोस्टरच्या रांगेत उभी होती. मी म्हणालो, देश सांगता येणार नाही, पण ती पुढची भिंत दिसते ना, तिच्यामागे रांग अजून तीनदा वळते. उभ्या माणसाला ते दिसत नाही, म्हणून तो परत फिरत नाही. आणि बाहेर पडायची वाट दुकानातून असणार.

तो हसला. "पॅरिस. पण तुम्ही कधी गेला होतात?"

मी कुठे जातोय. धायरीच्या पुढे एक पार्क होतं, तिथे बावीस वर्षं मी रोलर कोस्टर चालवला. चालवायचं मीच, दुरुस्तीही मीच. एका डब्यात दोन माणसं बसायची. प्रत्येकाच्या मांडीवरचा दांडा खाली दाबायचा आणि दोनदा ओढून बघायचा. तो बसणाऱ्याला उघडता येत नाही. शेजारची सीट रिकामी असली तरी तिचाही दांडा लावायचा, मोकळा राहिला तर फेरीत आपटतो. पुढे मालकाने जमीन विकली. आता तिथे कंपनीची काचेची इमारत आहे.

फ्लोरिडा, पॅरिस, टोकियो. सुदर्शनची नोकरी जिथे गेली तिथले फोटो त्याच्याकडे होते. मी प्रत्येकात काय काय असेल ते सांगत गेलो. सर्वांत मोठ्या उताराला लपवलेला कॅमेरा. घाबरलेल्याला हसवणारा माणूस. बायको गेल्यापासून अकरा महिन्यांत मी एवढं बोललो नव्हतो. शेवटी म्हणालो, जगात कुठेही जा, सगळं सारखंच.

सुदर्शनने लॅपटॉप मिटला.

"मग तिकडे यायला अडचण काय आहे? तुम्हीच म्हणताय, सगळं सारखंच."

तो जयाच्या वर्षश्राद्धासाठी आला होता, आणि मला घेऊन जायचं ठरवूनच आला होता. कर्वेनगरच्या आमच्या दोन खोल्यांना गिऱ्हाईकही त्याने बघून ठेवलं होतं. त्याचं काही चुकत नव्हतं. पडलात तर कोण उचलणार, असं त्याने विचारलं. ओट्याखालच्या फळीवर जयाच्या हातचं लोणचं अर्धी बरणी शिल्लक होतं. रविवारी एक फोड मी खायचो. बरणीसाठी घर ठेवायचं, हे मुलाला कसं सांगणार?

रविवारी पार्कात गर्दी असायची, म्हणून जया डबा घेऊन तिथेच यायची. उतरायच्या फाटकाजवळ बाकावर बसायची. एकदा बसवा म्हणायची, पण तुम्ही शेजारी असाल तर. मशीन सोडून मला बसता येत नसे. पुढच्या महिन्यात सुटी काढतो, असं मी बावीस वर्षं सांगितलं.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, "अहो, हा कठडा काढा की. मला उतरू द्या. घरी जाऊ."

मी पलंगाचा कठडा दाबला आणि दोनदा ओढून बघितला. पक्का होता. मग घाबरलेल्या माणसांना सांगायचो तेच तिला सांगितलं.

"फेरी संपेपर्यंत उघडत नाही."

ती जराशी हसली. परत काही मागितलं नाही. चौथ्या दिवशी गेली. कठड्याचा खटका माझ्याच बाजूला होता. एका बोटाने खाली आला असता.

मी सुदर्शनला म्हणालो, "बरं."

पुढचं सगळं त्याने केलं. कागदांवर मी सह्या केल्या. बरणी शेजारच्या पद्मजाबाईंना दिली. दोन दिवसांत त्यांनी ती घासून परत आणून दिली. "छान मुरलं होतं हो," म्हणाल्या. मी रिकामी बरणी बॅगेत घातली. फुटेल, म्हणून सुदर्शनने ती काढून ठेवली.

मुंबईच्या विमानतळाला जायला टॅक्सी आली तेव्हा उजाडलं होतं. सुदर्शन ड्रायव्हरशेजारी बसला, मी मागे एकटा. त्याने वळून सांगितलं, "अण्णा, पट्टा लावा."

मी लावला. दोनदा ओढून बघितला. मग शेजारच्या सीटचा पट्टा ओढून घेतला, खटक्यात बसवला, आणि तोही दोनदा ओढला.

ड्रायव्हरने आरशातून बघितलं. "काका, अजून कोणी यायचंय का?"

"नाही," मी म्हणालो. "रिकामी आहे, म्हणून लावला."

सुदर्शनने मागे वळून बघितलं नाही. लहानपणी तो माझ्या मशीनवर शंभर वेळा बसला होता, त्याला नियम माहीत होता. "चला," तो ड्रायव्हरला म्हणाला. वारज्याच्या पुलाखालून गाडी वळली तेव्हा शेजारचा पट्टा जागचा हलला नाही.