मावळतीची खूण

कवठी चाफा क्रेनला टांगलेला होता आणि त्याच्या शेजारी, कुणाला न दिसणाऱ्या दोरीवर, भिंगरीचा जीव टांगलेला होता.

पंधरा मिनिटांपूर्वी असं काही नव्हतं. पंधरा मिनिटांपूर्वी ती जगातली सगळ्यात कामाची मुलगी होती. वयही पंधराच. एका जागी पाय ठरत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. पण या सुट्टीत आत्याने पहिल्यांदाच "येतेस का?" असं न विचारता "सहाला तयार राहा" असं सांगितलं होतं. तेव्हापासून भिंगरी जमिनीपासून चार बोटं वरूनच चालत होती.

आत्याचं काम झाडं हलवायचं. कुठे रस्ता रुंद होतो, कुठे इमारत वाढते, आणि मधे उभं असलेलं झाड नकोसं होतं. ते झाड आत्या मुळांसकट उचलायची आणि दुसरीकडे लावायची. लोक तिला डॉक्टरीणबाई म्हणून चिडवायचे. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं, "डॉक्टरचा पेशंट निदान कुठे दुखतंय ते सांगतो तरी!"

आजचा पेशंट वाचनालयाच्या अंगणातला होता. खोड मांडीएवढं, उंची दोन माणसांची, पानं चामड्यासारखी जाड. तो उभा होता तिथे नवी खोली येणार होती. समितीत सगळे म्हणाले, तोडा. ग्रंथपाल बाई एकट्या अडून बसल्या. "माझी निवृत्ती आणि याची कत्तल एकाच वर्षी नको," म्हणाल्या. मग आत्याला बोलावणं गेलं. "जगेल ना हो नक्की?" असं बाईंनी विचारलं तेव्हा भिंगरी तिथेच होती.

"झाडाच्या वतीने मी शब्द देत नाही," आत्या म्हणाली होती. "माझ्या बाजूने चूक होणार नाही, एवढा देते."

आणि तिने तो पाळला होता. तीन महिन्यांपूर्वीच तिने झाडाभोवती गोल चर खणून अर्धी मुळं कापून ठेवली. का, तर कापलेल्या टोकांना केसांसारखी नवी मुळं फुटावीत. "जाड मुळं झाडाला नुसती उभं धरतात गं. पाणी पितात ती ही बारकी पोरं." काल ती पोरं मातीच्या गोळ्यासकट गोणपाटात बांधून झाली. आज सकाळी आत्याने भिंगरीच्या हातात गोणपाटाच्या पट्ट्या दिल्या. "खोडाला गुंडाळ, खालून वर. मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाचा खड्डा बघून येते."

भिंगरी गुंडाळायला गेली आणि थबकली. खोडावर धूळ, मुंग्या, आणि वाचनालयात येणाऱ्या पोरांनी खडूने काढलेली चित्रं. एक मांजर, एक नाक असलेलं घर, एक निळा ठिपका. असल्या अवतारात पेशंटला बँडेज? छे! तिने फडकं भिजवलं आणि खोड असं लख्ख पुसलं की आत्याने पाठ थोपटावी. मग पट्ट्या गुंडाळल्या, एकीवर एक, अगदी नेटक्या.

आता झाड खड्ड्यावर हळूहळू गिरकी घेत होतं आणि आत्या खालून ओरडली, "भिंगरे! निळी खूण कुठल्या अंगाला आहे?"

"कसली खूण?"

"खडूचा ठिपका गं. मावळतीकडच्या बाजूला मी केलेला. पट्टी बांधताना दिसला असेल ना? इतकी वर्षं दुपारचं ऊन ज्या अंगाने खाल्लं तेच अंग उन्हाकडे हवं. दुसरीकडची साल कोवळी असते, सावलीत वाढलेली. ती भाजते, मग फाटते. बोल पटकन, दादांचा हात अवघडलाय!"

क्रेनवाले दादा वरून म्हणाले, "हात नाही, क्रेन अवघडली. बिचारी म्हातारी आहे."

भिंगरीला आपलं ओलं फडकं आठवलं. सांगावं? आत्ता? सगळ्यांसमोर? पहिल्याच दिवशी? आणि तिला कळायच्या आत तिचं बोट आपोआप वर झालं.

"इकडे!"

"शाब्बास," आत्या म्हणाली. तो शाब्बास भिंगरीला थोबाडीत बसल्यासारखा लागला.

झाड खाली आलं. आत्याने फावड्याचा दांडा खड्ड्यावर आडवा ठेवून पाहिलं. गोळ्याची वरची कड जमिनीच्या बोटभर वर होती. "छान. खोल गाडलं की गुदमरतं." सुतळी कापली, गोणपाट सोडवला, क्रेनचे पट्टे सुटले, माती पडायला लागली. प्रत्येक फावड्यागणिक भिंगरीला वाटत होतं की माती आपल्याच घशात पडतेय. चार दिशांत अंदाजाने दाखवलेली एक तरी बरोबर असेल ना? पाचवी-सहावीतली वस्तुनिष्ठ उत्तरं तिची अशीच तर बरोबर यायची. तेव्हा फार तर एक गुण जायचा.

"नळाला पाइप लाव जा," आत्या म्हणाली. "अर्धा खड्डा भरला की पाणी सोडायचं, म्हणजे पोकळ्या राहत नाहीत."

नळ वाचनालयाच्या मागच्या खोलीत होता. बाई तिथे खिडकीपाशी उभ्या होत्या, आणि खिडकीत आता नुसतं आकाश होतं.

"किती उजेड आलाय बघ," बाई म्हणाल्या. त्यांना तो उजेड मुळीच आवडलेला नव्हता. "एक फांदी काचेवर टकटक करायची. वाचणारे वैतागायचे. मग मी ती पडद्याच्या दोरीने मागे ओढून बांधली. दोरी काढायची राहिली ती राहिलीच. सालीत रुतून खाच पडली बिचारीला."

भिंगरीच्या हातातला पाइप गळून पडला.

"बाई, ही खिडकी... सूर्य इकडेच मावळतो?"

"झाडाच्या मागे मावळायचा. का गं?"

पण भिंगरी बाहेर झाडापाशी पोचलीसुद्धा होती. जुन्या जागी मावळती झाडापलीकडे होती, म्हणजे खिडकीकडची बाजू उगवतीची. खाचेची फांदी उगवतीला हवी. तिने मान वर केली. पट्ट्यांच्या जरा वर, जाड पानांआड, फांदीला बांगडीसारखी खाच. बरोब्बर मावळतीकडे तोंड करून.

अंदाज चुकला होता. साफ उलटं!

क्रेनचं इंजिन सुरू झालं. "ताई, निघू का? अकराला दुसरीकडे हजर व्हायचंय."

भिंगरीने डोळे मिटले, आणि विहिरीत उडी मारावी तसं बोलली. "आत्या मी खूण पुसली, मला वाटलं पोरांचा खडू आहे, आणि मला माहीतच नव्हतं कुठे होती, मी उगाच बोट दाखवलं, आणि ते उलटं लागलंय, ती खाच बघ, बाईंनी दोरी बांधली होती!"

फावडं थांबलं. दादांनी इंजिन बंद केलं.

आत्या आधी खाचेकडे बघत राहिली. मग खड्ड्यात उतरून गुडघ्यावर बसली. गोळ्याच्या एका कडेला तिने बोट फिरवलं. तिथे केसाएवढी भेग होती.

"पुन्हा उचलू?" दादांनी विचारलं. "पाच मिनिटांचं काम."

"फिरवायचं ना?" भिंगरी म्हणाली. "आत्या, फिरवूया ना!"

आत्याच्या कपाळावरून घामाचा एक थेंब नाकापर्यंत आला तरी तिने तो पुसला नाही. "पट्टे आता पुन्हा घातले तर हा गोळा फुटेल," ती शेवटी म्हणाली. "फुटला की बारकी मुळं तुटली. साल भाजली तर झाड रडत-रडत जगेल. मुळं गेली तर संपलंच. जा दादा तुम्ही."

क्रेन गेली. जाताना दादांनी भिंगरीकडे बघून मान हलवली. रागाने नाही, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

"पुसलंस त्याचा मला राग नाही," आत्या म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "ठिपका पुसला जाईल असा काढला ती चूक माझी. पण तू बोट दाखवलंस ना, 'इकडे' म्हणून, ते मला फार लागलं. माझ्या कामात माहीत नाही म्हणायची लाज वाटत असेल तर घरी बस."

भिंगरीचं नाक वाहायला लागलं. पुसायला हात वर केला तर तो मातीने भरलेला.

"महिन्याने मी या पट्ट्या काढणार होते. ऐन उन्हात, उघडी कोवळी साल! आत्ता बोललीस म्हणून कळलं. आता दोन उन्हाळे पट्टी सुटणार नाही. मावळतीकडून हिरवी जाळीही बांधायची. बांबू आण. आणि त्याआधी आत जाऊन बाईंना सांग."

"मी?"

"मग काय, झाड सांगणार?"

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आणि मांजर पण पुसलंस?"

"हो."

"ते मी काढलं होतं," बाई म्हणाल्या, आणि बाहेर जाळीचं एक टोक धरायला आल्या.

त्यानंतरचे चार आठवडे भिंगरीने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. सुट्टी संपली, तरी शाळा सुटली की ती दप्तरासकट तिथे हजर. मातीत बोट दोन पेरं खुपसायचं. कोरडी लागली तरच पाणी, तेही हळूहळू, पाइपची करंगळीएवढी धार. बुंध्याभोवती वाळक्या पाल्याचा थर, पण खोडाला चिकटलेला नाही. येणारे-जाणारे सल्ले द्यायचे. "खत टाक की चांगलं मूठभर!" एकदा तिने उत्तर दिलं, "काका, ऑपरेशन झाल्या झाल्या तुम्हाला कुणी पंगतीला बसवलं होतं का?" काका गेले. तिला लगेच वाटलं, हे बोलायचा तोरा आपल्याला शोभतो का?

कारण पानं पिवळी पडत होती. पहिल्या आठवड्यात अकरा, दुसऱ्यात तेवीस. तिसऱ्यात तिने मोजणं सोडलं. रात्रीच्या जेवणाला ती गप्प असायची आणि बाबा आत्याला फोनवर विचारायचे, "हिला काय झालंय? भिंगरीचा भोवरा थांबलाय."

"गेलं का गं?" तिने एका संध्याकाळी आत्याला विचारलं.

"माहीत नाही," आत्या म्हणाली. अगदी सहज म्हणाली, वेळ विचारल्यावर घड्याळ घरी राहिलं म्हणावं तशी. "नखाने ओरखडून बघ. आत हिरवं असेल तर आहे. तपकिरी असेल तर ती फांदी गेली."

भिंगरीने शेंड्याची एक काडी ओरखडली. तपकिरी. खालची. तीही तपकिरी. शेवटी भिंगरीने टाचा उंचावून ती फांदी धरली, खाचेची, उलट्या दिशेला तोंड करून उभं राहावं लागलेली, आणि खाचेच्या पुढे नख लावलं.

हिरवं. ओलं हिरवं, काकडीच्या सालीखालचं असतं तसं.

"आत्या!"

"बघितलं. अजून पुढचा उन्हाळा जायचाय. कुणाला काही बोलू नकोस एवढ्यात..."

पण तोवर भिंगरी वाचनालयाच्या दारात होती आणि ओरडून मोकळीही झाली होती, "बाई, हिरवं आहे!" वाचणाऱ्या साताठ माना वर झाल्या. बाईंचं बोट तीस वर्षांच्या सवयीने शू म्हणायला ओठांपर्यंत गेलं, आणि तिथेच राहिलं.